डोकं दुखतंय, दाइ!

मुलांनो,

शाळा उघडली तो पहिला दिवस. नव्या वह्यांचा वास, कोरी करकरीत दप्तरं, दाराशी ओळीने टेकवलेल्या ओल्या छत्र्या. पण आमच्या चौथीच्या वर्गाचं लक्ष यातल्या कशातच नव्हतं. सगळ्यांचे डोळे माझ्या पिशवीवर!

"बाई, फडकवलात का?"

"काय रे?"

"आमचा रुमाल! शिखरावर!"

त्याचं असं झालं. एप्रिलमध्ये परीक्षा संपली, तेव्हा ही मुलं तिसरीत होती. मी त्यांना म्हटलं होतं, की या सुट्टीत मी हिमालयातल्या एका शिखरावर जाणार आहे. झालं! दुसऱ्या दिवशी एक मोठा पांढरा रुमाल हजर. रंगाच्या डब्यांत अंगठे बुडवून सत्तावीस जणांनी सत्तावीस ठसे उमटवले. लाल, निळे, हिरवे. "बाई, हा वर नेऊन फडकवायचा आणि फोटो काढायचा." मीही मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "काढणार म्हणजे काढणारच!"

आता मी पिशवीतून तो रुमाल काढला. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"नाही रे बाळांनो. मी शिखरापर्यंत पोचले नाही. वाटेतूनच परत आले."

वर्ग चिडीचूप. मग पहिल्या बाकावरून एक बारीक आवाज आला, "म्हणजे बाई, तुम्ही नापास झालात?"

या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात दिलं. तेच आज तुम्हालाही सांगते. जरा लांबण लागेल, पण ऐका.

बर्फातलं बेट

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून कळसूबाई दिसतं. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. अशी पावणेचार कळसूबाई एकावर एक रचा, की झालं मी निवडलेलं शिखर! त्याचं नाव इम्जा त्से. ते नेपाळमध्ये आहे, एव्हरेस्टच्या जवळच. उंची ६१८९ मीटर. इंग्रजीत त्याला आयलंड पीक म्हणतात. आयलंड म्हणजे बेट. आता समुद्र तर तिथून शेकडो कोस दूर, मग बेट कसलं? तर खालच्या दिंगबोचे गावाकडून पाहिलं, की भोवती नुसतं बर्फ आणि मधोमध हा एकटा डोंगर. जणू बर्फाच्या समुद्रातलं बेट.

१९५३ साली एव्हरेस्टला निघालेल्या ब्रिटिश मोहिमेतल्या काही जणांनी सरावासाठी म्हणून हे शिखर पहिल्यांदा सर केलं. त्याच मोहिमेतले तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी पुढे २९ मे १९५३ या दिवशी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, हे तुम्हाला पाठ आहेच.

मी काही गिर्यारोहक नाही. गडकिल्ले हिंडायची हौस, एवढंच. बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर! अशा माणसाने हिमालयात एकट्याने जायचं नसतं. त्यासाठी गाईड बरोबर असलेल्या मोहिमा असतात. आपण पैसे भरायचे. ती मंडळी परवाने काढतात, तंबूची आणि जेवणाची सोय करतात, अवघड जागी दोर लावतात, बर्फावर चालायला शिकवतात. १९८५ साली डिक बास नावाचे पंचावन्न वर्षांचे एक अमेरिकन उद्योजक डेव्हिड ब्रेशर्स या गिर्यारोहकाच्या सोबतीने एव्हरेस्टवर पोचले. तेव्हापासून हौशी माणसांनाही वाटायला लागलं, की चांगला वाटाड्या मिळाला तर आपणही जाऊ शकू.

मी तीन वर्षं भिशी लावली. दर रविवारी पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन कळसूबाई चढायला लागले. पायथ्याच्या बायका हसायच्या, "बाई, वर दुकान टाकलंय का काय?"

नाव काय? मंगळवार!

काठमांडूहून डोंगरातल्या लुकला गावापर्यंत छोटं विमान जातं. तिथून पुढे गाडी नाही, सायकल नाही, बैलगाडीसुद्धा नाही. एक तर आपले पाय, नाहीतर याकची पाठ, आणि तीही सामानासाठी. हमाल तर कपाळावर पट्टा अडकवून त्याच्या जोरावर पाठीवरचं ओझं उचलतात. त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापासून पांढऱ्या केसांच्या आजोबांपर्यंत सगळे त्या वाटेवर ओझी वाहताना दिसले. माझी दहा किलोंची ऐट तिथेच उतरली.

आमच्या गटात चौघं होतो. कॉलेजात शिकणारे दोन मुलगे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी. काका या शिखरासाठी पाच वर्षं तयारी करत होते. चाल हळू, पण घड्याळासारखी. बरोबर दोन शेर्पा होते, एक मुख्य गाईड आणि दुसरा त्यांचा मदतनीस. मुख्य गाईडना आम्ही 'दाइ' म्हणायचो. आपल्याकडे दाई म्हणजे सुईण! पण नेपाळीत दाइ म्हणजे मोठा भाऊ. आणि ते मला म्हणायचे दिदी, म्हणजे मोठी बहीण. दोघंही एकमेकांहून मोठे!

शेर्पा लोकांच्या नावांची तर मोठी गंमत. मूल ज्या वारी जन्मलं, त्या वाराचं नाव पुष्कळदा त्याला मिळतं. मुलगा असो की मुलगी. रविवारी जन्मला तो निमा, सोमवारी दावा, मंगळवारी मिंग्मा, बुधवारी ल्हाक्पा, गुरुवारी फुर्बा, शुक्रवारी पासांग आणि शनिवारी पेम्बा. आता एका वर्गात पाच पासांग असले, तर बाईंनी हजेरी कशी घ्यावी? तुमचं शेर्पा नाव काय झालं असतं, ते आजीला वार विचारून शोधून काढा.

दोन दिवसांनी आम्ही नामचे बाजार या गावी पोचलो. उंची ३४४० मीटर. तिथे दुसऱ्या दिवशी पुढे जायचंच नाही, असं दाइंनी सांगितलं. कॉलेजचे मुलगे कुरकुरले, "आम्ही दमलो नाही." दाइ म्हणाले, "पाय दमले नाहीत. पण रक्ताला अजून माहीत नाही, तुम्ही कुठे आलात ते."

याचं कारण समजून घ्या. हवेत प्राणवायूचा वाटा सगळीकडे सारखाच असतो, शंभरात एकवीस. पण जसजसं उंच जावं, तसतशी हवाच विरळ होते. साधारण ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा होतो. म्हणजे तुम्ही घेतलात पूर्ण श्वास, पण पदरात पडला अर्धा! एव्हरेस्टच्या माथ्यावर तर जेमतेम तिसरा हिस्सा. शरीर या विरळ हवेला सरावतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. थांबायचं म्हणजे लोळायचं नाही. दिवसा उंच चढून यायचं आणि झोपायला खाली उतरायचं.

'बुझ्यौ?'

तसे आम्ही नामचेहून वर चढून खुमजुंगला गेलो. तिथे एक शाळा आहे. आता शाळा दिसल्यावर माझे पाय थांबले नाहीत तरच नवल! ही शाळा एडमंड हिलरी यांनी १९६१ साली सुरू केली. एव्हरेस्ट चढून जगप्रसिद्ध झाल्यावर ते शेर्पांना विसरले नाहीत. तिथल्या लोकांना मुलांसाठी शाळा हवी होती, तर हिलरींनी पैसे जमवले आणि शाळा उभी केली. पुढे त्या भागात आणखी शाळा झाल्या, दवाखाने झाले.

खिडकीतून एक वर्ग दिसत होता. फळ्यावर गणितं होती आणि काय आश्चर्य, मला सगळं वाचता येत होतं! नेपाळी आपल्यासारखीच देवनागरी लिपीत लिहितात. एक, दुई, तीन, चार, पाँच. शिक्षकांनी एक उदाहरण सोडवलं आणि मुलांकडे वळून विचारलं, "बुझ्यौ?" म्हणजे समजलं का?

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बुझ्यौं!"

मला हसूच फुटलं. आमच्या वर्गातही हेच. मी विचारते, "कळलं का?" आणि सत्तावीस जण एका सुरात, "हो बाई!" मग वह्या तपासायला घेते, तेव्हा खरं काय ते कळतं.

त्या वेळी मी हसले खरी. पण तोच प्रश्न पुढे चार दिवसांनी माझी वाट पाहत बसला होता.

चार प्रश्न आणि एक खोटं उत्तर

रोज संध्याकाळी जेवणाआधी दाइ प्रत्येकाजवळ येऊन बसायचे. बोटाला एक छोटा चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचे आणि मग चार प्रश्न विचारायचे. डोकं दुखतंय? मळमळतंय? चक्कर येते? झोप लागली? सगळ्यांना तेच प्रश्न, रोज, न चुकता. उत्तरं एका वहीत लिहून ठेवायचे. मला गंमत वाटायची. शाळेतली हजेरी जणू!

तेंगबोचे झालं, दिंगबोचे झालं. तिथेही एक दिवस थांबलो. मग चुखुंग. उंची ४७३० मीटर. त्या संध्याकाळी माझं डोकं दुखत होतं. थोडंथोडकं नाही, कोणी आतून पाटा-वरवंटा फिरवतंय असं. समोरचा डाळभात बघवत नव्हता. दाइ आले. "दिदी, डोकं दुखतंय?"

मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? मुलांनो, खरं सांगते. मला भिशीचे पैसे आठवले. तुमच्यासारख्या सत्तावीस जणांचे रंगीत अंगठे आठवले. "काढणार म्हणजे काढणारच," असं मी म्हटलं होतं ना! आणि बाकी तिघांची उत्तरं चांगली होती. आपल्या एकटीमुळे सगळ्यांना थांबावं लागलं तर काय म्हणतील? म्हणून मी हसून 'नाही' म्हटलं आणि खोलीत जाऊन गुपचूप डोकेदुखीची गोळी घेतली. गोळीने दुखणं दबलं. पण दुखण्याचं कारण तसंच राहिलं.

उंचीवरच्या या आजाराची पहिली पायरी म्हणजे डोकेदुखी. तेव्हाच सांगितलं, तर उपाय सोपा असतो. वर जायचं नाही, आहे तिथे थांबायचं. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण तसंच पुढे रेटलं, तर मेंदूला सूज येऊ शकते किंवा फुफ्फुसांत पाणी साचतं. मग जिवावरच बेततं. त्यावर पहिला उपाय एकच, खाली उतरायचं आणि तेही लगेच.

शिखराची रात्र

दुसऱ्या दिवशी आम्ही तळावर पोचलो. उंची ५००० मीटरच्या वर. दाइंनी जवळच्या उतारावर आमचा सराव घेतला. बुटांना लावायचे लोखंडी दात म्हणजे क्रॅम्पॉन. कमरेचा पट्टा म्हणजे हार्नेस. दोरावर फक्त वर सरकतो, खाली घसरत नाही, असा मुठीचा चिमटा म्हणजे जुमार. वर शिखराजवळ बर्फाची एक उभी भिंत आहे. ती दोराला जुमार लावून चढावी लागते. आणि त्याच्या आधी हिमनदी. तिच्यात खोल भेगा असतात. म्हणून तीन-तीन जणांनी एकमेकांना दोराने बांधून घ्यायचं. एक घसरला, तर बाकी दोघांनी त्याला धरायचं.

दोन दोर ठरले. पहिल्यावर दाइ आणि दोन्ही मुलगे. दुसऱ्यावर मदतनीस, काका आणि मी.

संध्याकाळी पुन्हा तेच चार प्रश्न. मी पुन्हा 'नाही' म्हटलं. एकदा खोटं बोललं, की दुसऱ्यांदा सोपं जातं, हे तुम्हालाही माहीत असेल!

रात्री दीड वाजता निघालो. कपाळावर बॅटरी, तिचा तेवढाच उजेड. वर एवढे तारे, की आपल्या गावचं आकाश कोणीतरी घासूनपुसून ठेवलंय असं वाटावं. दाइ मधूनमधून म्हणत, "बिस्तारै, बिस्तारै." म्हणजे हळूहळू. खडकांतून वाट चढत होती. मी मोजायला लागले. दहा पावलं, थांबायचं. मग सात पावलं. मग पाच. आणि मग पाय भलतीकडेच पडायला लागले. दगडावर ठेवायला जावं, तर शेजारी पडे. दोनदा उलटी झाली.

पाचच्या सुमाराला उजाडलं. खडक संपून बर्फ सुरू होतो, त्या जागी आम्ही पोचलो होतो. वर शिखराची धार सोनेरी झाली होती. आणखी चारएकशे मीटर. मी बुटांना क्रॅम्पॉन लावायला बसले, तर पट्ट्याचं बक्कल मला लावता येईना. रोज तुमच्या वर्गातल्या लहानग्यांच्या बुटांच्या नाड्या बांधणारी मी! बक्कलाकडे बघत बसले नुसती.

शेजारी काका होते. ते मदतीला वाकले. तेव्हा माझ्या मनात आलं, की आता या काकांच्या कमरेला माझा दोर बांधणार. हिमनदीवर ते घसरले, तर मी त्यांना धरायचं. मला माझं बक्कल धरवत नाही!

मी हाक मारली. "डोकं दुखतंय, दाइ. चुखुंगपासून दुखतंय."

दाइ रागावले नाहीत. काहीच बोलले नाहीत. त्यांनी सपाट जागी काठीने एक सरळ रेघ मारली आणि म्हणाले, "दिदी, हिच्यावरून चाला. टाचेला अंगठा लावून." लहानपणी आपण फरशीच्या कडेवरून चालतो ना, तस्सं. मी चार पावलं टाकली आणि कलंडले. मदतनिसाने धरलं म्हणून पडले नाही.

ही मेंदूची परीक्षा असते. तोल गेला, म्हणजे खेळ संपला. दाइंनी घड्याळही पाहिलं नाही. "खाली. आत्ता."

काकांचं शिखर

पण गोष्ट इथे संपत नाही. मला सोबत घेऊन मदतनिसाला खाली उतरावं लागणार होतं. राहिले दाइ, दोन मुलगे आणि काका. भेगांची हिमनदी, पुढे उभी भिंत. एका गाईडने तिघांना, त्यातून एक जण हळू चालणारा, घेऊन जाणं दाइंना सुरक्षित वाटेना. ते काकांकडे वळले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

काकांना न सांगता कळलं. त्यांनी लावलेले क्रॅम्पॉन पुन्हा काढले. पाच वर्षांची तयारी होती त्यांची. तब्येत ठणठणीत होती. डोकं दुखलंच नव्हतं कधी. ते शिखराकडे एकदा बघून माझ्यापुढे उतरायला लागले.

तळावर आलो, तिथून आणखी खाली चुखुंगला. उतरता उतरताच माझं डोकं हलकं झालं. मनाचं तसं नव्हतं. दोघे मुलगे आणि दाइ शिखर करून संध्याकाळी परत आले. मुलांचे चेहरे फुलले होते. माझ्याकडे बघून त्यांनी आनंद जरा आवरता घेतला, हेही मला दिसलं.

रात्री दाइ चहा घेऊन आले. मी विचारलं, "दाइ, मी इथेच सांगितलं असतं तर?"

ते म्हणाले, "आपल्याकडे एक दिवस राखीव होता. इथे थांबलो असतो. तुम्हाला बरं वाटलं असतं, तर सगळेच गेलो असतो. नसतं वाटलं, तर तुम्ही इथे आराम केला असता आणि मदतनीस काकांना घेऊन गेला असता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "दिदी, डोंगर मला दिसतो. ढग दिसतात. तुमच्या डोक्यात काय दुखतं, ते नाही दिसत. ते तुम्हीच सांगायचं."

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही 'माफ करा' म्हटलं, त्यावर नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी नामचेला त्यांनी दुकानात दोन चहा सांगितले आणि एक पेला माझ्यापुढे सरकवला. तरीही बोलले काही नाहीत. तो चहा घशाखाली उतरायला मला फार वेळ लागला.

मग नापास की पास?

हे सगळं मी वर्गात सांगितलं. मग त्या बारीक आवाजाला म्हणाले, "परत फिरले, म्हणून मी नापास नाही. परत फिरण्यात काहीच कमीपणा नसतो."

त्यांना मी गोरान क्रॉप या स्वीडिश गिर्यारोहकाची गोष्ट सांगितली. हा पठ्ठ्या १९९५ सालच्या ऑक्टोबरात स्वीडनहून निघाला, तो चक्क सायकलवरून! सगळं सामान सायकलला बांधून हजारो किलोमीटर आला. ३ मे १९९६ या दिवशी एव्हरेस्टचा माथा जेमतेम शंभरएक मीटर उरला असताना तो परत फिरला. का? तर उशीर झाला होता. चढता आलं असतं, पण उतरताना अंधार पडला असता. शंभर मीटर म्हणजे आपल्या मैदानावरची एक शर्यत! तरी तो फिरला. आणि २३ मे रोजी पुन्हा जाऊन नळकांड्यातला प्राणवायू न घेता माथ्यावर पोचला.

या दोन तारखांच्या मधोमध, १० मे १९९६ रोजी, एव्हरेस्टवर गाईड घेऊन गेलेल्या मोहिमांतले बरेच जण दुपार टळून गेल्यावरही चढत राहिले. संध्याकाळी वादळ आलं. त्या वादळात पर्वताच्या दोन्ही बाजू मिळून आठ जणांचे जीव गेले. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन अनुभवी मोहीमप्रमुखही त्यात होते. म्हणून चांगला गाईड निघायच्या आधीच परत फिरायची वेळ ठरवून देतो.

"म्हणजे बाई, तुम्ही पास?"

"नाही रे. एका विषयात मी सपशेल नापास झाले. तो विषय चढण्याचा नव्हता. 'डोकं दुखतंय का' या सोप्या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याचा होता. आणि त्या चुकीचे गुण माझ्या एकटीचे नाही कापले गेले, काकांचेही कापले गेले."

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास होता. मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी करून दाखवली आणि सवयीने विचारलं, "कळलं का?"

रोजचं "हो बाई" आलं नाही. थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, शून्यातून कसं घ्यायचं, ते नाही कळलं." मग दुसरा हात. मग तिसरा. मी मोजले. अकरा हात! दुसरीपासून मी या मुलांना वजाबाकी शिकवते आहे. दोन वर्षं ही अकरा मुलं मला 'हो बाई' म्हणत होती आणि मी पुढचा धडा घेत होते. दाइ निदान रोज एकेकाजवळ बसून विचारत. मी सगळ्यांना एकदम विचारत होते.

तो रुमाल आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. त्याच्याखाली मुलांनी खडूने लिहिलंय, 'डोकं दुखतंय, दाइ!' आणि ज्याला कळलं नसेल, तो हात वर करून हेच म्हणतो. साहेब तपासणीला येतील, तेव्हा त्यांना काय सांगायचं, ते बघू!

पालकांसाठी दोन शब्द

तुमच्यापैकी कोणी अशा मोहिमेला जाणार असाल, मुलामुलींना पाठवणार असाल, तर पैशांच्या आधी पाच गोष्टी विचारा. किती माणसांमागे किती गाईड आहेत? कोणी आजारी पडला, तर बाकीच्यांचं काय? सरावासाठी थांबायचे दिवस किती, आणि राखीव दिवस आहे का? परत फिरायची वेळ कोण ठरवतं? हमालांना गरम कपडे आणि विमा मिळतो का? जो स्वस्तात आणि कमी दिवसांत शिखर 'नक्की' दाखवतो म्हणतो, त्याच्यापासून लांबच बरं.

मुलांना खरोखरच ओढ असेल, तर आधी सह्याद्री हिंडू द्या. पुढे वयात बसल्यावर दार्जिलिंग आणि उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थांत रीतसर शिक्षण मिळतं. हे फक्त पैसेवाल्यांचं काम नाही. २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं कसून सराव करून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली.

आणि मुलं घरी आली, की 'किती मार्क पडले?' हा प्रश्न विचारतोच आपण. त्याच्या आधी एकदा 'आज काय नाही कळलं?' असं विचारून बघा. उत्तर आलं, तर रागावू नका. दाइ रागावले असते, तर पुढच्या वेळी मी पुन्हा खोटंच बोलले असते.

या आठवड्याचं काम

१. अंगणात खडूने पाच मीटर रेघ मारा. टाचेला अंगठा लावून तिच्यावरून चाला. मग जागच्या जागी दहा गिरक्या घेऊन पुन्हा चाला. मजा येईल! (मोठं माणूस जवळ असू द्या.)

२. तुमचं शेर्पा नाव शोधा.

३. जे तुम्हाला कधीच नीट कळलं नाही, असं एक काहीतरी कागदावर लिहा आणि तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना नेऊन द्या. हे तिसरं काम सगळ्यांत उंच आहे. पण बिस्तारै, बिस्तारै!

तुमच्या,
बाई